बोटांना पाठ असलेलं सॉफ्टवेअर

गिरणीच्या संपात साच्यावरची, म्हणजे मागावरची, नोकरी सुटली तेव्हा लोअर परळच्या रामजी तांब्यांनी चाळिशीत मराठी टायपिंग शिकून घेतलं आणि पुढची पंधरा वर्षं कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप केले. त्यामुळे चाळीच्या मंडळानं कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यावर मराठी लिहायचं कुठलं सॉफ्टवेअर टाकायचं, हे आपणच ठरवणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

कॉम्प्युटर लागला तोही अर्जापायीच. चाळीतल्या पोरांना अभ्यासाला जागा नव्हती आणि समोरच्या म्युनिसिपल शाळेतली एक खोली रोज संध्याकाळी कुलूप लावून पडलेली असे. ती मिळावी म्हणून रामजींनी वॉर्ड ऑफिसला पाच अर्ज केले होते. एकाचंही उत्तर नाही. हल्ली साहेब लोक कॉम्प्युटरवरचंच पत्र वाचतात, अशी पक्की खबर मंडळाचे अध्यक्ष कोंडीराम यांनी आणली.

दुकानदारानं दोन सॉफ्टवेअरं दाखवली. एकात इंग्रजी 'के' दाबला की पडद्यावर 'क' उमटायचा. दुसऱ्यातली अक्षरं टाइपरायटरच्याच जागी होती. रामजींची मुलगी कौसल्या फोर्टातल्या एका ऑफिसात कामाला होती. तिचं म्हणणं, पहिलं घ्या. दुसऱ्याचा फॉन्ट ज्या मशीनवर नसेल तिथं अक्षरांचा पार चिवडा होतो.

"इंग्रजीची परवानगी काढून मराठी लिहू होय?" रामजी म्हणाले. "माझ्या बोटांना रस्ता पाठ आहे."

कोर्टाबाहेरच्या माणसापुढे कोण बोलणार? दुसरं ठरलं.

पत्र झकास उतरलं. मंडळाकडे प्रिंटर नव्हता, म्हणून रामजी फ्लॉपी घेऊन हिंदमाताजवळच्या एका छपाईच्या दुकानात गेले. चष्मा घरी राहिला होता. दुकानदारानं बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली, तसंच पत्र वॉर्ड ऑफिसात दिलं आणि प्रतीवर शिक्का घेऊन ऐटीत घरी आले.

आठव्या दिवशी निरोप आला: साहेबांनी भेटायला बोलावलंय.

साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसून मुद्दे उजळावेत म्हणून रामजींनी चष्मा लावला आणि प्रत काढली. पहिल्याच ओळीत उलटे कंस, डॉलरची चिन्हं आणि डोक्यावर टिंबं दिलेली कुठली तरी परदेशी अक्षरं. तळापर्यंत तेच. वाचता येत होती ती फक्त त्यांची सही. उठून पळावं म्हणेपर्यंत शिपायानं नाव पुकारलं.

"पत्र वाचलं तुमचं," साहेब म्हणाले. "मुद्देसूद आहे."

रामजींनी नम्रपणे मान डोलावली. मग दोघंही थोडा वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

"कॉम्प्युटरवरचं दिसतंय," साहेब जपून म्हणाले. "तरी एकदा तुमच्या तोंडून ऐकावं म्हटलं."

रामजींनी सांगितलं. दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं कशी झोपतात ते, आणि दहावीची पोर जिन्यात बसून भूमिती सोडवते, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट द्यायला दर ओळीला उठते, तेही. पाच अर्जांत हे सगळं स्वच्छ मराठीत होतं. साहेब ते पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी शिपायाला हाक मारली आणि खोलीची किल्ली मंडळाला द्यायचा हुकूम तिथंच लिहिला.

चाळीत सत्कार झाला. खरी करामत सॉफ्टवेअर निवडण्यात होती, असं कोंडीरामांनी भाषणात सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या चाळीची माणसं पाण्याच्या तक्रारीचा अर्ज घेऊन आली. तोही त्याच सॉफ्टवेअरमधून हवा होता.

कौसल्येला तेवढी प्रत दाखवावीच लागली. ती पोट धरून हसली आणि रविवारी एक फ्लॉपी घेऊन आली. त्या दुकानातल्या मशीनवर हा फॉन्ट टाकून येते, म्हणाली, म्हणजे पुढचं पत्र नीट छापून येईल.

रामजींनी तिच्या हातून फ्लॉपी हळूच काढून घेतली.

"इतक्यात नको," ते म्हणाले. "पाण्याचा अर्ज जाऊ दे आधी."