दिल्लीचे बादशहा कैदेत पडले तेव्हा मी गॅस आणायला गेलो होतो

त्या रविवारी सकाळी मी एक लहानसा निर्णय घेतला. लढाई चालू असताना उठून गॅसचा सिलेंडर आणायला जायचं. (शहाण्या माणसानं चूल पेटवली असती.)

आधी लढाईचं सांगतो. मी, कारभारी, राहात्याच्या एका पतसंस्थेत क्लार्क. घर आणि बायको पंकजा पारनेरला. बदलीचा अर्ज दोन वर्षं भागवतसाहेबांच्या टेबलावर पडून, आणि साहेबांचं उत्तर एकच, "बघू." अशात साहेबांना कॉम्प्युटरवरच्या एका गेमचं वेड लागलं. चारशे वर्षांपूर्वीचा हिंदुस्थान. प्रत्येकानं एकेक राज्य घ्यायचं, फौजा पोसायच्या, तह करायचे आणि संधी मिळाली की शेजाऱ्याला गिळायचं. दर रविवारी सगळ्या ऑफिसनं आपापल्या घरून खेळायचं, असा साहेबांचा हुकूम. दिल्लीचे बादशहा अर्थातच साहेब. मी नगर, छगन विजापूर, वैजनाथ गोवळकोंडा.

मी इमानेइतबारे हरत होतो. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण साहेबांना लढता येत नाही. एकदा त्यांची फौज माझ्याच हद्दीत उपाशी मरायला लागली, तर मी गुपचूप धान्य पाठवलं आणि मग हरलो. त्या रविवारी तर नगरचा किल्लाच त्यांच्या हवाली करायचा होता. साहेब फोनवर म्हणाले होते, "कारभारी, किल्ला घ्यायला मी जातीनं येतो. मग तुमच्या अर्जाचंही बघू." माझ्या सगळ्या संसाराची भिस्त त्या एका शरणागतीवर होती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गॅसची गाडी आली. चुकली तर आठवडाभर पत्ता नाही.

"पंकजा, इथं बस. पडद्यावर प्रश्नाची चौकट आली की 'हो' दाब. दुसरं काही करू नकोस."

"लढाई हाय का?"

"लढाई नाही गं, शरण जायचंय."

"मंग बसते," म्हणाली. मोबाईलसुद्धा तिथंच टाकून मी पळालो.

खांद्यावर सिलेंडर घेऊन परत आलो, तर पंकजा खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली आणि पडद्यावर ठळक बातमी: दिल्लीचे बादशहा नगरच्या कैदेत.

सिलेंडर माझ्या पायावर पडला. दुखलं ते संध्याकाळी.

"अगं, हे काय केलंस?"

"म्या काय केलं? छगनभावजींची चौकट आली, साहेब थोडक्या मान्सांनिशी निघालेत, धरायचं का? म्या हो दाबलं. वैजनाथभावजी म्हनले, आमीबी येतो. हो दाबलं. तुमीच सांगितलं न्हवं?"

मी मटकन खाली बसलो. बदली तर गेलीच होती. आता संस्था अंदमानला शाखा काढणार आणि पहिला क्लार्क म्हणून मला धाडणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

"सोड त्यांना! आत्ताच्या आत्ता सोड!"

"सोडलं की. पर फुकट न्हाई. त्यांचा तुमच्या मोबाईलवर फोन आल्ता. लई गयावया करत हुते. म्हनलं, बादशहाला न्यायचं तर खंडणी द्या."

ज्या माणसाकडे मी दोन वर्षांत साधी रजा धड मागितली नव्हती, त्याच्याकडे हिनं खंडणी मागितली!

आणि फोन वाजला. साहेब. मी उभा राहिलो. (साहेबांचा फोन मी बसून घेत नाही.)

"कारभारी," साहेबांचा आवाज पार बसला होता, "तुमची पारनेरला बदली करतोय. एक तारखेपासून तिकडं हजर व्हा. आणि त्या छगनला सांगा, माझे हत्ती परत दे म्हणावं."

फोन ठेवला तरी मी उभाच होतो. दोन वर्षं धान्य पुरवून, किल्ले वाटून मला जमलं नाही, ते बायकोनं सिलेंडर येईपर्यंत करून दाखवलं. डोळे भरून आले. लपवण्यात अर्थ नाही, चांगलाच रडलो.

"पंकजा, माझ्यासाठी साहेबांशी भांडलीस गं!"

तिनं नकाशावरची नजर काढली नाही.

"कशाचं तुमच्यासाटी? म्या जुन्नर मागत हुते. लई घासाघीस केली. साहेब म्हनले, जीव गेला तरी जुन्नर देनार न्हाई, पायजे तर कारभारीला न्या." तिनं उसासा टाकला. "मंग काय करनार? मिळालं ते घेतलं."