ठिपका हलत नाही

"तू जा. मी बसतो इथे ऑडिट करत," असं अरुणकुमार बायकोला म्हणाले, तेव्हा त्यांची अपेक्षा अगदी माफक होती. चारुलताबाईंनी "तुमच्याशिवाय मी कशी जाऊ?" असं म्हणावं, दोघांनी मिळून फ्रान्सची सहल रद्द करावी, आणि पुढची काही वर्षं हा त्याग जेवताना अधूनमधून काढता यावा.

चारुलताबाईंनी भाजी ढवळत थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "बरं. मग तुमच्या जागी रुकैयाला विचारते."

रुकैयाभाभी समोरच्याच फ्लॅटमधल्या. मूळच्या रत्नागिरीच्या. भाजी शिजायच्या आत त्यांचा होकार आला, आणि वर "हेल्मेट कुठलं घ्यायचं?" असा प्रश्नही.

सहल लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची होती. बर्गंडी नावाच्या प्रांतात आठवडाभर द्राक्षबागांमधून सायकल चालवायची, रात्री खेड्यातल्या छोट्या हॉटेलात राहायचं. मुळात सायकलचं वेड अरुणकुमारांचं. चाळिशी उलटलेल्या बायकोला त्यांनीच दोह्यातल्या बिन महमूद भागातल्या आपल्या इमारतीमागच्या पार्किंगमध्ये सीट धरून सायकल शिकवली होती. दर शुक्रवारी पहाटे अल खोरच्या रस्त्यालगतच्या ट्रॅकवर तेच तिला घेऊन जात. दोह्यात चढ म्हणून काही नाहीच, तेव्हा दोघांनी एका फ्लायओव्हरवरच घाटाचा सराव केला होता. गेल्या वर्षभरात त्या फ्लायओव्हरवर चारुलताबाई पुढे असत. अरुणकुमार याचं कारण वारा सांगत.

आता बाई बर्गंडीत होत्या आणि अरुणकुमार अल सद्दच्या ऑफिसात. फोटो येत होते. धुक्यातला रस्ता, दोन्ही बाजूंना हिरव्या ओळी, मधे चारुलताबाईंची पाठ. "इथल्या वेली गुडघ्याएवढ्याच असतात, मांडव नसतो," असं त्यांनी खाली लिहिलं होतं. अरुणकुमार तासगावचे. त्यांनी उत्तर पाठवलं, "मांडव नाही म्हणजे उत्पन्न कमी." त्यावर बाईंनी अंगठा पाठवला.

तिसऱ्या दिवसापासून फोटोंत बास्तियन यायला लागला. हा त्यांचा गाइड. उंच, उन्हाने रापलेला, आणि दर फोटोत कशावर तरी हसणारा. "बास्तियन म्हणतो, माझी चढावरची लय फार छान आहे," असा निरोप आला तेव्हा अरुणकुमार मीटिंगमध्ये होते. त्यांनी फोन पालथा ठेवला, मग सुलटा केला, मग परत पालथा ठेवला.

शुक्रवारी दुपारी नमाजहून येताना मजीदभाई बिर्याणीचा डबा घेऊन आले. मजीदभाई म्हणजे रुकैयाभाभींचे यजमान. मुऐदरला त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. बायको फ्रान्सला गेल्याचा त्यांच्यावर झालेला एकमेव परिणाम म्हणजे ते आता जेवायला अरुणकुमारांकडे येत.

"लय म्हणे," अरुणकुमार बिर्याणी चिवडत म्हणाले. "लय मी शिकवली. सीट मी धरली."

"मग सांगा ना तसं त्याला."

"मी कशाला सांगू? मला काय फरक पडतो?"

"नाय पडत तर जेवा, अरुणभाय. थंड होतंय."

अरुणकुमार जेवले, पण डाव्या हाताने फोन बघत. जाण्यापूर्वी चारुलताबाईंनी आपलं लोकेशन त्यांना दिसेल अशी सोय करून ठेवली होती. नकाशावर एक निळा ठिपका दिवसभर हळूहळू सरकायचा. आता तो एका द्राक्षबागेच्या कडेला थांबला होता. आधी त्यांना वाटलं, जेवायला थांबल्या असतील. मजीदभाईंनी सोफ्यावर आडवं होऊन एक झोप काढली, उठून चहा केला, तरी ठिपका तिथेच.

"मजीदभाई, ठिपका हलत नाही."

"बसल्या असतील गप्पा मारत."

"इतका वेळ? कुणाशी?"

हा प्रश्न विचारल्यावर त्याचं उत्तर अरुणकुमारांना स्वतःलाच सुचलं आणि ते उभे राहिले. त्यांनी बायकोला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मजीदभाईंना रुकैयाभाभींना फोन लावायला सांगितला, तोही तसाच.

आता मत्सर बाजूला पडला आणि त्याच्या जागी खरी भीती आली. उतार असेल, ब्रेक लागला नसेल. तिला डावीकडून चालणाऱ्या गाड्यांची सवय कधीच सुटली नव्हती. अरुणकुमार मजीदभाईंकडे वळले. "ती खूप वेगात जाते रे उतारावर. मीच म्हणायचो, सोड ब्रेक, घाबरू नकोस."

ते ऐकून मजीदभाईही चहा ठेवून उठले. नकाशावर त्या बागेच्या मालकांचा नंबर होता. अरुणकुमारांनी तो लावला. पलीकडे एक वयस्कर बाई बोलल्या, फ्रेंचमध्ये. "इंग्लिश?" म्हणताच त्या ठामपणे "नो" म्हणाल्या.

"थांबा," मजीदभाई म्हणाले. "माझ्या फोनात भाषांतर आहे. दुकानात नेपाळी पोरांशी बोलायला ठेवलंय. तुम्ही बोला, तो फोन फ्रेंचमध्ये सांगेल."

अरुणकुमारांनी घसा साफ केला आणि मजीदभाईंच्या फोनला अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, जे खरं होतं तेच सांगितलं. "माझी बायको तुमच्या बागेत आहे. ती दोन तासांपासून हलत नाही. फोन उचलत नाही. कृपया बघा."

फोनने ते गोड आवाजात फ्रेंचमध्ये म्हटलं. पलीकडे बाई काहीतरी ओरडल्या, खुर्ची पडल्याचा आवाज झाला, आणि फोन बंद.

"समजलं वाटतं त्यांना," मजीदभाई म्हणाले.

समजलं होतं. आपल्या बागेत एक परदेशी स्त्री दोन तास निपचित पडली आहे, हे कळल्यावर कुठलीही जबाबदार फ्रेंच बाई जे करील तेच त्यांनी केलं. त्यांनी बंबवाल्यांना बोलावलं. त्या देशात खेड्यापाड्यांत माणूस आजारी पडला तरी बंबवालेच येतात, हे बिन महमूदमध्ये बसलेल्या दोघांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

इकडे बागेच्या कडेला अक्रोडाच्या झाडाखाली चारुलताबाई आणि रुकैयाभाभी गाढ झोपल्या होत्या. सकाळी मोठा चढ झाला होता, दुपारी पोटभर ब्रेड-चीज झालं होतं. बास्तियन दोन्ही सायकली गाडीत टाकून चेन बदलायला गावात गेला होता. फोन बॅगेत, आवाज बंद करून. चारुलताबाईंचे डोळे उघडले ते कुणीतरी मनगट धरल्यामुळे. वर बघतात तो निळ्या गणवेशातले पाच-सहा धिप्पाड पुरुष गुडघ्यांवर बसलेले, मागे लाल गाडी, आणि एक म्हातारी बाई आकाशाकडे बघून हात जोडतेय.

"आय ॲम स्लीपिंग," चारुलताबाई म्हणाल्या.

त्यावर त्यांचं ब्लडप्रेशर घेण्यात आलं. ते नॉर्मल होतं. मग रुकैयाभाभींचंही घेतलं, कारण आता आलोच आहोत तर.

दोह्यात हे कळलं ते एका फोटोने. तोवर अरुणकुमारांचे भारतीय दूतावास, ट्रॅव्हल एजंट आणि पुण्यातल्या मेव्हण्याला फोन करून झाले होते आणि ते विमानांच्या वेळा बघत होते. फोन वाजला. फोटोत चारुलताबाई मधोमध उभ्या, डोक्यावर बंबवाल्याचं चकचकीत हेल्मेट. दोन्ही बाजूंना ते पाच-सहाजण. रुकैयाभाभी लाल गाडीच्या स्टिअरिंगवर.

अरुणकुमारांनी फोटोतली डोकी मोजली. एका बास्तियनचा हिशेब लागत नव्हता, तिथे त्यांनी स्वतः फोन करून गाडीभर पुरुष पाठवले होते.

पाठोपाठ व्हिडिओ कॉल आला. अरुणकुमारांनी बोलणी खाण्याच्या तयारीने तो घेतला.

"अहो, तुम्ही बोलावलंत या सगळ्यांना?" चारुलताबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले होते, पण हसत होत्या. "इतकं घाबरलात?"

"ठिपका हलत नव्हता," अरुणकुमार कसेबसे म्हणाले. "मला वाटलं उतारावर... आणि ब्रेक सोडायला मीच शिकवलं तुला."

चारुलताबाईंनी हाताने डोळे पुसले. मग त्यांनी फोन फिरवला. "हे त्यांचे साहेब. यांना तुमच्याशी बोलायचंय."

पडद्यावर पांढऱ्या मिशांचा एक गृहस्थ आला. मोडक्या इंग्रजीत, फार गंभीरपणे तो म्हणाला की त्याची बायकोही इथेच आली आहे, तिने सगळी हकिकत ऐकली आहे, आणि लग्नाला तीस वर्षं होऊन तुम्ही माझ्यासाठी एकदाही बंब का बोलावला नाही, असं ती त्याला विचारते आहे. "मस्यू," तो म्हणाला, "यू मेक फॉर मी बिग प्रॉब्लेम."

अरुणकुमारांनी पाठ ताठ केली. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं. "सॉरी," ते म्हणाले, पण त्यात खेद फारसा नव्हता.

तेवढ्यात रुकैयाभाभींचा चेहरा पडद्यावर आला. "अरुणभाई, शुक्रन. माझीपण काळजी केलीत. ते कुठे आहेत?"

मजीदभाई पुढे सरकले. "हा काय मी. इथेच आहे."

"काय करत होता तुम्ही, मी बेपत्ता होते तेव्हा?"

मजीदभाईंनी खरं सांगावं की नाही याचा विचार केला, आणि विचार करायला जो वेळ लागला त्यातच सगळं उघड झालं.

"झोपला होता ना?"

"थोडासा. मग चहा पण केला, अरुणभायसाठी."

"भाईंना बघा जरा. पार एम्बसीला फोन केला त्यांनी. आणि तुम्ही चहा केला." फोन बंद झाला.

अरुणकुमार तो फोटो मोठा करून एकेक बंबवाला निरखून बघत होते, डावीकडून दुसरा जरा जास्तच जवळ उभा आहे की काय म्हणून. मजीदभाई सोफ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. पाच दिवसांत प्रथमच त्यांनी उरलेल्या बिर्याणीकडे पाहिलंही नाही.

"अरुणभाय," शेवटी ते म्हणाले, "पुढच्या टायमाला तुम्ही काळजी करायला लागलात ना, की मला आधी उठवा. दोघं मिळून करू."