नववे कांबेई ओ देत नाहीत

"आजपासून कुणी कांबेई म्हणून हाक मारली आणि मी मान जरी वळवली, तर मला भर बाजारात हसा," असं तोकुरा आजोबांनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून सगळ्या आळीला सांगून टाकलं.

तोकुरांचं मिसोचं, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या जपानी लगद्याचं, दुकान नऊ पिढ्यांचं. गादीवर बसेल त्याचं नाव कांबेई, हा तिथला शिरस्ता. कोर्टात अर्ज करून रीतसर नाव बदलायचं. आजोबा सदतीस वर्षं कांबेई होते. या वसंतात त्यांनी गादी आणि नाव दोन्ही घरजावयाला दिलं आणि स्वतःचं जन्माचं 'मिनेओ' कोर्टातून परत आणलं. जावई म्हणजे गरीब गाय. लग्नात सासरचं आडनाव लागून त्याचं स्वतःचं गेलं, आता नावही गेलं, आणि नवं नाव काही पदरात पडेना. गिऱ्हाइकाने आदराने "कांबेईसान" म्हटलं की सवयीने आजोबांचीच ओ आधी निघायची.

त्यात सोयाबीनचे व्यापारी कुरोइवा यांचा निरोप आला, "वर्षाचा करार कांबेईशीच करीन. खरा कांबेई कोण, ते हाक मारून बघतो." हा करार जावयाच्या हातून झाला नाही, तर तो जन्मभर दुकानातला गडीच राहणार, हे आजोबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून कुरोइवा यायच्या दिवशी ते सकाळीच गुडघा दाखवायला दवाखान्यात जाऊन बसले. म्हटलं, आपण समोरच नको.

"तोकुरा मिनेओसान," नंबर पुकारणाऱ्या बाईंनी हाक दिली. कुणी उठलं नाही. तीनदा पुकारलं.

"कोण हा मिनेओ?" आजोबा शेजारच्या आजींकडे वळून म्हणाले. "नंबर लावायचा आणि खुशाल पसार व्हायचं. काय ही रीत?"

"म्हातारी माणसं अशीच हो," नव्वदीच्या आजी म्हणाल्या.

बाईंनी संडास पाहिला, मागचं अंगण पाहिलं आणि नगरपालिकेला फोन लावला. पाच मिनिटांत गावभरचे भोंगे बोलू लागले. एकाहत्तर वर्षांचे, तपकिरी स्वेटर घातलेले गृहस्थ दवाखान्यातून बेपत्ता आहेत.

आजोबांचा जीव कळवळला. आपल्याच वयाचा माणूस! स्वेटरचं म्हणाल तर गावातले निम्मे म्हातारे तपकिरीच घालतात. गुडघा विसरून त्यांनी काठी उचलली. बघता बघता मागे दहा-बारा माणसं जमली. देवळामागे, स्टेशनात, बांबूच्या बनात, आजोबा सगळ्यांच्या पुढे.

"मिनेओसान, घाबरू नका, आम्ही आलोय!"

कालव्याच्या पुलावर अशीच एक हाक त्यांनी अर्ध्यावरच सोडली. आजोबा जागच्या जागी थिजले. सदतीस वर्षांपूर्वीपर्यंत आई त्यांना याच नावाने जेवायला बोलवायची.

आता गुपचूप सटकावं म्हणून ते वळले, तर समोर गावात नव्याने बदलून आलेला पोलीस. त्याच्यामागे शोधायला निघालेले जावई आणि खुद्द कुरोइवा.

"आजोबा, नाव काय तुमचं?" पोलिसाने विचारलं.

आजोबा उत्तर देणार, तोच कुरोइवांनी हाक मारली, "कांबेईसान!"

ओ अगदी जिभेच्या टोकावर आली होती. आजोबांनी ती गिळली आणि पाण्यातल्या बदकांकडे बघत राहिले.

"अहो कांबेईसान, मी कुरोइवा. तीस वर्षांची ओळख आपली." त्यांनी खांदाही हलवून पाहिला. आजोबांनी दात घट्ट आवळले.

मग जावई दोन पावलं पुढे आला.

"ओ. मी कांबेई. बोला."

आवाज असा खणखणीत, की आजोबांचे डोळे भरून आले. जन्मात कुणाचा इतका अभिमान त्यांना वाटला नव्हता. पोलिसाने वहीत लिहिलं, 'सापडले. नावाला ओ देत नाहीत. ओळखीची माणसं ओळखत नाहीत. रडतात.'

कुरोइवांनी कराराचे कागद दोन्ही हातांनी जावयापुढे धरले आणि आवाज खाली आणला.

"कांबेईसान, करार झाला समजा. आधी सासऱ्यांना घरी न्या. फार लवकर डोकं गेलं हो त्यांचं."

"न्यायलाच हवं," दहावे कांबेई म्हणाले आणि हात धरून आजोबांना रस्ता ओलांडून देऊ लागले. तोंड उघडलं तर करार जाईल, म्हणून आजोबा मुकाट चालले. निघताना पोलिसाने त्यांच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. तीही त्यांनी मुकाट तोंडात टाकली.