अण्णांना कळता कामा नये

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलेले अण्णा मागच्या खेपेला तसेच परत आले. दंडाला पट्टा बांधला मात्र, प्रेशर असं चढलं की डॉक्टरांनी हात जोडले. "घरात यांना कसलंही टेन्शन देऊ नका," त्यांनी सूनबाईंना बजावलं. याही खेपेला चढलं तर ऑपरेशन पुन्हा लांबणार. आणि नात जन्मल्यापासून अण्णांनी तिचं तोंड धुरकटच पाहिलेलं.

त्या घरात टेन्शन हा शब्द मिठासारखा वापरला जाई. दूध उतू गेलं, टेन्शन. पाहुणे येणार, टेन्शन. आलेले पाहुणे हलेनात, पुन्हा तेच. सूनबाईंनी तो शब्दच बंद केला. शब्द बंद करता येतो हो, गोष्ट कुठे ऐकते? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळीच गच्चीवरची टाकी वाहिली, पाणी भिंतीत उतरलं आणि खालच्या वकिलांच्या दिवाणखान्याचं छत ठिबकू लागलं.

वकील तावातावाने जिना चढून आले. सूनबाईंनी त्यांना दाराबाहेरच गाठून अण्णांची अवस्था कुजबुजत सांगितली. माणूस भला, तोही कुजबुजतच भांडला. प्लंबरला चपला हातात घेऊन वर जावं लागलं, हातोडीला टॉवेल गुंडाळावा लागला. नवरा बादल्या घेऊन चवड्यांवर ये-जा करी आणि अण्णांसमोरून जाताना उगीच हसे.

देवाने माणसाला कान दिले, पण त्यांना झाकण दिलं नाही. घरभर कुजबुज, समोर आला की जो तो गोड बोलतोय, हे अण्णा ऐकत होते. त्यात गाडी लावण्यावरून वर्षानुवर्षं भांडणारे वकील जाताना आत डोकावले, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "जपा हो अण्णा." अण्णा समजायचं ते समजले. त्या दिवशी त्यांनी चहाला नावं ठेवली नाहीत. मुलाकडे कपाटाची किल्ली दिली. जेवताना सूनबाईंना म्हणाले, "तुझ्या हाताला चव होती गं."

ते 'होती' ऐकून सूनबाईंनी आमटीचा डाव तसाच हवेत धरला.

दवाखान्यात पुन्हा पट्टा, पुन्हा डॉक्टरांचं मान हलवणं. अण्णा शांतपणे म्हणाले, "राहू द्या डॉक्टर. जाणाऱ्याला डोळे कशाला?"

सूनबाईंना राहवेना. टाकी, छत, टॉवेल, सगळं रडत रडत त्यांनी ओकून टाकलं.

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"नाही हो अण्णा. वकिलांच्या छताला झालंय."

मग अण्णांनी जो तोंडाचा पट्टा सोडला, तो टाकीपासून निघून मुलाच्या आळसापर्यंत पोचला. अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. शेवटी दमले, पाणी प्यायले आणि भजनातून उठलेल्या माणसासारखे निवले. डॉक्टरांनी प्रेशर पुन्हा मोजलं, विश्वास बसेना म्हणून आणखी एकदा मोजलं, आणि त्यांना आत नेलं.

पट्टी निघाली तेव्हा नात पुढ्यात होती. अण्णा तिच्याकडे नाकापासून नखांपर्यंत बघतच राहिले. डोळ्यांत पाणी आणायचं नाही, असं डॉक्टरांना दोनदा दरडावावं लागलं. मग त्यांची नजर सूनबाईंकडे वळली.

"अगं, तू एवढी वाळलीस कधी?"

अण्णांनी शेजारी उभ्या मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आणि तू रे एवढा सुटलास कधी?"