आक्षेप कुठल्या अर्ध्यावर?

आमच्या मुलाने चित्रपट काढला आहे. तो अर्ध-आत्मचरित्रात्मक आहे. विषय गंभीर आहे: कुणालाच न समजलेला एक दुःखी मुलगा. हा मुलगा आता चाळिशीला आला. त्याची आई गेल्या वर्षी गेली.

चित्रपटात आई त्याला कोठीच्या खोलीत कोंडते आणि बाहेरून कडी लावते. घरात घडायचं ते असं, की अभ्यास नको म्हणून हाच कोठीत शिरून आतून कडी लावायचा. ही दुखरे गुडघे घेऊन दाराशी बसायची. "राजा, उघड रे, जेवण निवतंय." त्याला कुणी समजून घेतलं नाही, हे मात्र खरं. समजून घेण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं.

मी विचारलं, "अर्धं खरं म्हणजे नेमकं कुठलं?"

"बाबा, आपल्या कोठीला कडी होती ना? ते खरं."

"आतून होती."

"बाहेरून जास्त परिणामकारक दिसते."

"आणि लोक तुझ्या आईला काय म्हणतील?"

"तिला आता कुठे ऐकू जातंय, बाबा."

मला ऐकू जात होतं. म्हणून मी चित्रपटांना परवाना देणाऱ्या कचेरीत गेलो. साहेब सज्जन होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली.

"आक्षेप कुठल्या अर्ध्यावर आहे? खऱ्या की काल्पनिक?"

"काल्पनिक."

"काल्पनिक अर्ध्यातली बाई काल्पनिक असते. ती तुमची पत्नी नव्हे. परक्या बाईसाठी तुम्हाला आक्षेप घेता येत नाही."

"मग खऱ्यावर लिहा."

"खरं आहे हे तुम्हीच मान्य करताय. मग आक्षेप कसला?"

"अहो, एकाच बाईचे दोन तुकडे कसे करता तुम्ही?"

"आम्ही नाही करत. आमच्याकडे ती तशीच येते."

पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनाला माझी दया आली. "काका, बदनामी ज्याची, अर्ज त्याचा. काकूंनाच घेऊन या."

"ती वारली."

"अरेरे," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग प्रश्नच मिटला. मृत व्यक्तीची बदनामी होत नाही. फक्त चित्रण होतं."

पहिल्या खेळाला मला मानाने पुढे बसवलं. पडद्यावर कडी लागली तशी सगळी रांग मुसमुसू लागली. शेजारच्या बाईंना मी हळूच सांगितलं, "ती अशी नव्हती हो."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "घाबरू नका काका. आता ती तुम्हाला काही करू शकत नाही."

शेवटी मुलाने मंचावर जाऊन कलाकृती आईला अर्पण केली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. मीही उभा राहिलो. बसून राहिलो असतो तर लोकांनी तेही तिच्याच खात्यावर टाकलं असतं.

बाहेर आवारात जो तो फोन कानाला लावून उभा होता. सगळ्यांना आपापली आई आठवलेली दिसत होती. मला बरं वाटलं. जवळून गेलो तेव्हा एक दाढीवाले गृहस्थ काकुळतीने विचारत होते, "आई, तू मला कधी कोंडलं होतंस का गं? नीट आठव ना. बरं, निदान मारलं तरी असशील?"

तुम्हीही संवेदनशील माणसं आहात. तुमच्याही लहानपणी एखादं दार असणारच. आईला फोन लावाल तेव्हा तिला एवढं सांगून ठेवा, की आक्षेप हयातीतच नोंदवावा लागतो.