सांगलीहून आलेल्या तीन टिचक्या

या, असे जवळ सरका. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं यावं, सतरंजी रिकामीच आहे. कीर्तन सुरू व्हायला अजून अवकाश आहे, तोवर माझ्या शहाणपणाची एक कथा सांगतो. खुशाल हसा. आता मीही हसतो, पण त्या दिवशी माझी बोबडी वळली होती.

तर मंडळी, सैन्यात मी तेवीस वर्षं सिग्नलला, म्हणजे वायरलेसच्या खात्यात काढली. त्यामुळे आमच्या कीर्तनकार तानुबाईंची कीर्तनं रेकॉर्ड करून जपायचं ठरलं, तेव्हा पेटी रहिमतपुरात माझ्याच घरी येणार यात शंका नव्हती. पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे, बरं का! घरच्या वायफायला जोडलेली, पोह्यांच्या डब्याएवढी पेटी. तिच्या पोटात दोन डिस्क. एकीवर जे उतरेल तेच दुसरीवर. शिवाय अशीच एक पेटी सांगलीला धरणेंद्रांच्या घरी. हे हळदीचे व्यापारी, माझ्यासारखेच कीर्तनवेडे. दोन्ही पेट्या इंटरनेटनं जोडलेल्या. "दोन प्रती इथं, दोन तिथं. प्रलय आला तरी बाईंचा आवाज राहणार!" असं मी गावभर सांगत फिरायचो.

आणि तो राहायलाच हवा होता. तानुबाई आता ब्याऐंशीच्या. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्या नुसत्या कुजबुजतात. ज्या आवाजानं देवळामागचे कावळेसुद्धा गप्प बसायचे, तो आता फक्त पेटीत. तीनशे बारा कीर्तनं.

अनंत चतुर्दशीच्या सकाळी पेटीनं जागा संपल्याचा निरोप दिला. मी म्हटलं, सांगलीला सगळं आहेच, मग इथं कशाला अडगळ? मामलेदाराच्या थाटात सगळं निवडलं, पुसलं, वर कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग ज्यानं पेट्या बसवून दिल्या त्या महंमदला फोन लावून स्वतःची स्वच्छता ऐकवली.

 तो म्हणाला, "अण्णा, आदी पेटीची पिन उपसा."

उपसली. दहा मिनिटांत दुकानाचं शटर ओढून तो स्वतः हजर.

"तुमी आरसा घेतलाय आन् त्याला फोटो समजताय," तो म्हणाला. "मिशी काढली की आरशातली बी जाती. फोटोतली ऱ्हाती. हितं पुसलं की दुसऱ्या डिस्कवरचं जातंय, सांगलीचं बी जातंय. ह्येला बॅकअप न्हाई म्हनत."

माझा हात आपोआप मिशीकडं गेला. हे आधी का सांगितलं नाहीस म्हणून मी त्याच्यावर चढलो.

"सांगितलं हुतं की. तुमी म्हनला, मी सिग्नलला हुतो."



आता आशा एकच. सांगलीची पेटी सकाळपासून काही कारणानं बंद असली तर सगळं वाचलं. चालू असली तर तिथलंही केव्हाच पुसलेलं. आमची पेटी पुन्हा लावून बघायचीही सोय नव्हती, जोडली की सांगलीचं उरलंसुरलंही गेलं असतं.

धरणेंद्रांचा मोबाईल बंद. जैनांच्या दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस, ते मंदिरात पूजेला बसलेले. मग त्यांच्या घरचा जुना तारेचा फोन लावला. कुणीतरी उचलला. हॅलो नाही, काही नाही, नुसत्या बांगड्या वाजल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, या धरणेंद्रांच्या सौभाग्यवती, गुणमालावहिनी! चतुर्दशीला त्यांचा उपवास, आणि उपवासाबरोबर मौन.

पण सिग्नलचा माणूस असा हरतो होय? मी खणखणीत आवाजात सांगितलं, "वहिनी, बोलू नका. पेटी चालू असेल तर रिसीव्हरवर एक टिचकी मारा. बंद असेल तर दोन."

टक. म्हणजे चालू, सगळं गेलं! मग बांगड्या किणकिणल्या. मग टक, टक. आणि फोन ठेवला.

"तीन म्हणजे काय रे?" मी महंमदला विचारलं.

त्यानं शांतपणे हिशेब केला. "एक आन् दोन, तीन. चालू बी हाय आन् बंद बी हाय."

मग काय, त्याच्या मोटारसायकलवर बसून निघालो सांगलीला! वाटेत मलकापूरजवळ विसर्जनाची मिरवणूक आडवी आली. ढोल, गुलाल, आणि गणपती काही हलेनात. जन्मभर मी देवाला पुढच्या वर्षी लवकर या म्हणत आलो, त्या दिवशी पहिल्यांदा मनात म्हणालो, देवा, आत्ता जरा लवकर जा! महंमद म्हणाला, अण्णा, तोंडानं नाम घ्या, पायानं माझ्या गाडीचा ब्रेक दाबू नका. मी म्हणे सगळा वेळ त्याच्या पायावर पाय दाबून बसलो होतो. मला नाम सुचतच नव्हतं. बाईंना जाऊन सांगायचं काय, एवढंच डोक्यात फिरत होतं. माणसाचा आवाज एकदा गेला ती देवाची करणी. दुसऱ्यांदा गेला, तर ती माझी.

सांगलीला पोचलो. दारात गुणमालावहिनी. माझं तोंड बघूनच त्यांनी आत नेलं. कोपऱ्यात पेटी होती, वरून पांढरं मलमल घातलेलं, आणि तिचा एकही दिवा लागलेला नव्हता. वहिनींनी नातीची पाटी घेतली आणि लिहिलं:

"दहा दिवस बंद. आतल्या पंख्यात चिलटं मरतात. पर्वात हिंसा नको. पहिली टिचकी बांगडीची."

 त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, "न विचारता बंद केलं. उत्तम क्षमा."

क्षमा त्या मागत होत्या, माझी! मला रडू आलं आणि हसूही. धरणेंद्र मंदिरातून परतले तेव्हा मी पेटीपुढं साष्टांग पडलेलो, आणि महंमद इंटरनेटची तार काढून पेटी सुरू करत होता. त्यांना वाटलं, मला भोवळ आली.

तीनशे बाराच्या तीनशे बारा निघाली. महंमदनं ती तिथंच एका सुट्या डिस्कवर उतरवली. ती डिस्क आता माझ्या कपाटात असते, कशालाही न जोडलेली. आठवड्यातून एकदा जोडायची, पेटीत नवं काही आलं असेल तर तेवढं उतरवायचं, काढून ठेवायची. सांगलीच्या पेटीलाही त्यानं शिकवलंय, आम्ही इथं काही पुसलं तरी जुनी प्रत तारखेसकट जपायची. पुसायचा अधिकार माझ्याकडून काढून घेतलाय. मी तक्रार केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी तानुबाईंच्या पायावर डोकं ठेवून सगळं कबूल केलं. त्यांनी ऐकून घेतलं, मला जवळ ओढलं आणि कानात कुजबुजल्या, "त्यातली चाळीसेक बेसूर हायती रं. तेवढी तरी जाऊ द्यायचीस."

असो. आज त्यांचंच एक कीर्तन लावतोय. आवाज टिपेला चढला की तुम्ही तानुबाईंना आठवालच, ते सांगायला नको. माझी विनंती एवढीच, हात जोडाल तेव्हा गुणमालावहिनींचीही आठवण ठेवा. आणि जमलंच, तर त्या चिलटांची.