पाळण्याची शास्त्रीय नावे

पाळण्याची किंमत तीन लाख रुपये लिहावी, असे लतीफाबींनी फर्मावले, तेव्हा कुरिअरवाल्या धनसिंगचे पेन कागदावर टेकले ते टेकलेलेच राहिले.

"भाबी, तीन लाखात मंगरुळात प्लॉटची गोष्ट चालते," तो चाचरत म्हणाला.

"मंग प्लॉट पाठवू काय अमेरिकेले? ल्ही मुकाट्यानं."

ज्यांनी तो पाळणा महिनाभर खपून घडवला होता, ते निजामुद्दीन मिस्त्री बायकोच्या मागे उभे राहून भिंतीवरचे कॅलेंडर वाचत होते. कॅलेंडर मागच्या वर्षीचे होते. तरीही ते त्यांनी शेवटच्या तारखेपर्यंत वाचले.

प्रकरण साधे होते. लेक यास्मीन डॅलसला राहत होती आणि बारा दिवसांपूर्वी तिला मुलगा झाला होता. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, हा लतीफाबींच्या घरचा शिरस्ता. तो सुटीअभावी आणि तिकिटांपायी मोडला. निदान चाळिसाव्या दिवशी बाळाला न्हाऊ घालून आजोळच्या पाळण्यात निजवायचे, एवढे तरी व्हायलाच हवे होते. आणि माहेरची वस्तू सासरी जायची, तर ती किंमत अंगावर घेऊनच जायला हवी. सासरची माणसे आधी चिठ्ठी वाचतात आणि मग वस्तू पाहतात, हे लतीफाबींना पक्के ठाऊक होते. सुनेच्या माहेराहून आलेल्या कपाटाची चिठ्ठी त्यांनी स्वतः अशीच, चष्मा लावून, आधी वाचली होती.

"भाबी, समजून घ्या," धनसिंग काकुळतीला आला. "दहा-पंधरा हजार ल्हेले तर भेटवस्तू म्हणून सहज जाते. तीन लाख ल्हेले का तो माल होते. मंग तिकडच्या सरकारले लाकडाचा येगळा फॉर्म द्या लागते. लाकूड कोणतं, किती, झाड कोणत्या देशात तोडलं, सारं."

"मोठ्या वस्तूले मोठाच फॉर्म लागन. ल्ही. लाकूड बर्मा साग. देश ब्रह्मदेश."

निजामुद्दीन खोकले.

"इमरानचे अब्बा, खोकला घरी जाऊन खोका."

बर्मा साग हा शब्द लतीफाबींनी महिन्यापूर्वीच समधनबाईंना, म्हणजे यास्मीनच्या सासूला, फोनवर देऊन टाकलेला होता. समधनबाई मूळच्या हैदराबादच्या, पण राहायला लेकाकडे डॅलसलाच. बोलता बोलता त्यांनी आपल्या दिवाणखान्यातील रोजवुडच्या कपाटाचा उल्लेख केला होता. अशा उल्लेखाला तोडीचे उत्तर दिल्याशिवाय फोन ठेवायचा नसतो. मुलगा इमरान याने पावतीचा फोटो काढला आणि दोन्ही घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिथल्या तिथे टाकून दिला. समधनबाईंनी तीन अंगठे पाठवले. बाणासारखी सुटलेली ती किंमत आता भात्यात परत येणार नव्हती.

सातव्या दिवशी पाळणा मुंबईहून परत आला. धनसिंगने घाम पुसत निरोप सांगितला.

"ब्रह्मदेशचा साग म्हटलं का तिकडं घंटी वाजते, भाबी. विचारून राह्यले का जंगल कोणतं, तोडलं कोणी, परवानगी कोणाची, आन मंगरूळपीरले आलं कसं?"

"आलं असंन वाशीमवरून बसनं," निजामुद्दीन म्हणाले.

लतीफाबींनी नवऱ्याकडे पाहिले. त्या नजरेने आजवर दूध नासले नव्हते एवढेच.

"अम्मी, किंमत कमी ल्हेऊन टाकू ना," इमरान म्हणाला. "काम खतम."

"आन त्या ग्रुपवर काय टाकशीन? का तुह्या मायनं भाव पाडला म्हणून? किंमत हलनार नाई."

"मंग लाकूड खरं ल्हा लागन," धनसिंग म्हणाला. "खोटं ल्हेलं तर पाळणा तिकडंच जप्त होते. एकोणीस दिवस झाले पोराले. मिस्त्रीजी, तुमीच सांगा बाप्पा, खरं काय हाय?"

महिन्याभरात निजामुद्दीनला लाकडाविषयी कोणी पहिल्यांदाच विचारत होते. ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांचा चेहरा दुकान उघडावे तसा उघडला.

"चौकट सागाची हाय. पण आपल्या अथल्याच. शिरपूरच्या जुन्या शाळेचं दार निघालं होतं, त्याची."

"शाळा कवाची?"

"इंग्रजाच्या टायमाची."

धनसिंगचे पेन पुन्हा थांबले. "मंग झाड तोडलं तवा देश कोणता धरू?"

"भारतच ल्हा काका," इमरान म्हणाला. "राज त्याईचं होतं, झाड थोडी लंडनले उगवलं होतं?"

"दांड्या बाबळीच्या," निजामुद्दीन पुढे म्हणाले.

"बाबळीच्या?" लतीफाबी उभ्या राहिल्या. "माह्या नातवाले काट्याच्या झाडात निजवता?"

"काटे काढले मी."

"हसू नका!"

"हसून नाई राह्यलो. आयक ना. लेकरू आठ-नऊ महिन्यांत दांडी धरून उभं राहीन. दात शिवशिवले का चावन. बाभूळ चिरत नाई, मोडत नाई. वखराले लोकं काय शिसम लावतेत? वरचा आडा निंबाचा, निंबाले कीड लागत नाई. आन तळाची फळी आंब्याची. हलकी राह्यते, पाठीले गार लागते."

"आंब्याची फळी कोठून आणली?" लतीफाबींनी विचारले.

निजामुद्दीनने पुन्हा कॅलेंडरकडे तोंड केले. "हाय आपली एक फळी."

ती फळी कोणती, हे कळायला फार वेळ लागला नाही. फॉर्ममध्ये प्रत्येक लाकडाचे वजन वेगवेगळे मागितले होते, तेव्हा पाळणा सुटा करणे भाग पडले. धनसिंगचा काटा पाकिटांपुरता. म्हणून सगळे भाग शेजारच्या सोयाबीनच्या आडतीत नेऊन मोठ्या काट्यावर ठेवले गेले. भर बाजाराचा दिवस होता. रिठदहून आलेली माणसे पोत्यांवर बसली होती. त्यांची फुकटात करमणूक झाली.

"चाचा, पाळणा किलोवर इकता काय?" एकाने विचारले.

"नाई, अमेरिकेले जाऊन राह्यला," इमरानने सांगितले.

"मंग आधीच मोडून कायले नेता? तिकडं गेल्यावर मोडला असता ना!"

लतीफाबींनी पदर कपाळापर्यंत ओढला. तेवढ्यात तळाची फळी काट्यावर उलटी पडली आणि तिच्या पोटावर निळ्या रंगात छापलेली अक्षरे सगळ्या आडतीने मोठ्याने वाचली: 'माल नाजूक आहे. आपटू नये.'

ती संत्र्यांच्या खोक्याची फळी होती.

"रंधा काहून नाई मारला हो यावर?" लतीफाबींनी विचारले.

"मारनार होतो," निजामुद्दीन शांतपणे म्हणाले. "मंग वाचलं. वाटलं, राहू द्याव. लेकराच्या कामाचं ल्हेलं हाय."

आडतीतली माणसे हसून लोळायची बाकी राहिली. लतीफाबी मात्र त्या क्षणी मनाने पाळणा विहिरीत टाकून मोकळ्या झाल्या होत्या. उद्या हा फॉर्म डॅलसला जाईल, समधनबाई चष्मा लावतील आणि वाचतील: बाभूळ, निंब, खोक्याचा आंबा. पुढे जन्मभर त्या रोजवुडच्या कपाटाशी टेकून फोन करतील.

"अजून एक हाय," धनसिंग घाबरतच म्हणाला. "नावं अशी चालत नाईत. शास्त्रीय नावं पाह्यजेत."

म्हणून मारोतरावांना बोलावणे गेले. मारोतराव कॉलेजात तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते, आणि निवृत्तीनंतर त्यांना एकाही झाडाचे नाव कोणी विचारले नव्हते. ते इस्त्रीचा सदरा घालून, भिंग घेऊन आले. प्रत्येक लाकूड त्यांनी उजेडात धरले, हुंगले, नखाने खरवडले आणि वर्गात हजेरी घ्यावी तशी एकेक नाव उच्चारले.

"साग. टेक्टोना ग्रँडिस."

लतीफाबींनी पदर थोडा मागे केला.

"निंब. अझादिराक्टा इंडिका. आंबा. मॅन्जिफेरा इंडिका. आन ही बाभूळ, अकॅशिया निलोटिका. आताशा म्हणतात वॅशेलिया निलोटिका, पण आपण जुनी माणसं."

"काय म्हटलं सर? पुन्यांदा म्हणा."

"वॅशेलिया निलोटिका."

"हे बाबळीचं नाव हाय?"

"जगभर हेच, लतीफाबी. काट्यासकट."

लतीफाबी क्षणभर डोळे मिटून बसल्या. बाभूळ म्हटले की कुंपण आठवते, वखर आठवतो, पायात मोडलेला काटा आठवतो. हे नाव ऐकले की झुंबर आठवत होते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा जुना दरारा जागेवर आला होता.

"इमरान, ल्ही. मोठ्या अक्षरात. आन यातलं एक बी नाव मराठीत कोठी दिसलं तर मले सांगू नको, घर सोडून जाय. सर, चहा घेतल्याबिगर उठायचं नाई."

"मंग खरंच ल्हायचं ना भाबी?" धनसिंगने खात्री करून घेतली.

"मी कवा खोटं सांगतलं?"

आडतीतले सगळे एकदम काट्याकडे पाहू लागले.

खऱ्याचे बळ असे की तो फॉर्म कोठेही अडला नाही. पाळणा पुन्हा जुळला, बांधला गेला आणि चौतिसाव्या दिवशी डॅलसच्या दारात उतरला. चाळिसाव्या दिवशी व्हिडिओ कॉल ठरला. लतीफाबींनी जरीकाठाची साडी नेसली, निजामुद्दीनला धुतलेला कुर्ता घालायला लावला आणि इमरानला फोन नीट धरण्यासाठी दोनदा बजावले.

पडद्यावर समधनबाई उगवल्या. त्यांच्या मागे, दिवाणखान्याच्या मधोमध, पाळणा उभा होता. त्याच्या चहूबाजूंनी लाल दोरी लावलेली होती. वर एक छोटा दिवा सोडला होता. आणि बाजूच्या भिंतीवर, सोनेरी चौकटीत, तो फॉर्म टांगला होता.

"समधनजी, क्या चीज भेजे आप!" समधनबाई म्हणाल्या. "इत्ते नायाब लकड्यां! लोगां देखने को आ रए. हमारी पड़ोसन तो नाम पढ़ते-पढ़ते अटक गई. मैं बोली, मायके वाले हैं, मामूली लोगां नहीं."

लतीफाबींचे मन असे भरून आले की त्यांनी, ऐकलेस ना, अशा नजरेने इमरानकडे एकवार पाहून घेतले. चार वर्षांत समधनबाईंच्या तोंडून असे वाक्य कधी निघाले नव्हते.

"और बच्चा?" त्यांनी ठेवणीतल्या उर्दूत विचारले. "बच्चा सो रहा है उसमें?"

"नक्को बाबा! तीन लाख की चीज! बच्चा गीला कर दिया तो? हाथ किसी को नहीं लगाने देती मैं."

फोन आतल्या खोलीत गेला. तिथे यास्मीन बसली होती आणि तिच्या शेजारी प्लास्टिकच्या पांढऱ्या टोपलीवजा खाटल्यात लतीफाबींचा नातू हातपाय झाडत रडत होता. यास्मीन हसली, पण ते हसणे कुठल्या जातीचे आहे, हे आईला ओळखू येते.

"अम्मी, मी म्हटलं होतं त्याले पाळण्यात घालू," ती हळूच म्हणाली. "पण सासूबाई म्हणतेत, मोठा झाला का त्याले दाखवू."

लतीफाबींनी शेजारी पाहिले. फोन परत दिवाणखान्यात आला तेव्हा निजामुद्दीन आपण घासून घासून गुळगुळीत केलेल्या दांड्यांकडे दोरीबाहेरच्या माणसासारखे बघत राहिले.

एका बाजूला सोनेरी चौकट होती, दुसऱ्या बाजूला रडणारे पोर. लतीफाबींनी चौकटीकडे शेवटचे एकदा पाहून घेतले. मग त्यांची ठेवणीतली उर्दू सुटली आणि मंगरुळची बोली फोनमध्ये घुसली.

"समधनबाई, ती दोरी काढा!"

"जी?"

"काढा म्हणतो ना! बाभूळ हाय ते, बाभूळ! काट्याची! आमच्या अथी त्याचं कुंपण करतेत. वरचा दांडा निंबाचा, दात घासाचा निंब! सागवान शाळेच्या दाराचं. आन तळाले संत्र्याच्या खोक्याची फळी हाय, उलटी करून पाह्य यास्मीन, त्यावर ल्हेलं हाय! गीला करू द्या त्याले, धिंगाणा करू द्या, दात मारू द्या. कायनं काय होत नाई त्याले. झोपव पोराले त्यात!"

इमरानने फोन थोडा लांब धरला, जणू तो भाजत होता. पडद्यावर यास्मीन दोरीखालून वाकून गेली, आणि बाळ पाळण्यात पडले. निंबाच्या आड्याने एक लांब कर्र केले आणि पोराचे रडणे मध्येच तुटले.

समधनबाईंनी तो आवाज ऐकला, नातवाकडे पाहिले, मग चौकटीकडे. मनातल्या मनात त्यांनी हिशेब लावला. शेवटी त्यांना हवा तो धागा सापडला.

"तो समधनजी," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "बबूल है, खोके की फळी है. फिर वो तीन लाख काहे के?"

इमरानने डोळे मिटले. धनसिंगकडून ऐकलेला जप्त हा शब्द त्याला आठवला. लतीफाबींनी मात्र पदर खांद्यावर नीट केला आणि मान ताठ केली.

"लाकडाची किंमत कोणी ल्हेली? ती माह्या माणसाच्या हाताची किंमत हाय. आन ती बी मी कमीच लावली. फोन ठेवतो आता, पोरगं झोपू द्या."

फोन बंद झाला. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून निघालेली पहिली तारीफ निजामुद्दीनला अशी डॅलसला वळसा घालून मिळाली होती. ती नीट पोचली की नाही, हे पाहायला त्यांनी तिच्याकडे मान वळवली.

"असे काय पाहून राह्यले?" लतीफाबी म्हणाल्या. "कुर्ता काढून ठेवा. मळन."